एच-फोरवर बोस्टनला येणाऱ्या केमिस्टला

तुझा प्रश्न असा आहे: एम.एस्सी. ऑरगॅनिक, अंबरनाथच्या औषध कंपनीत आठ वर्षं क्यूसीत, म्हणजे दर्जा तपासणीत, नवऱ्याला बोस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला नोकरी, तू एच-फोरवर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, मुलगी यंदा नववीत. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या, म्हणजे केमिस्टांच्या संघटनेच्या, तिथल्या शाखेत नाव घालण्यात काही अर्थ आहे का, की ती प्रोफेसरांची आणि नोकरीवाल्यांची मंडळी, हे तुला हवंय. शेवटी जाता जाता एकटेपणाबद्दलही विचारलंयस. तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही सरळ अगं-तूगं करते. व्हिसाचे फॉर्म, फी, मुलाखत यातलं काही सांगत नाही. ते सरकारी संकेतस्थळावर आहे. पण उत्तर लांबणार, कारण मीही अशीच आले होते, भोसरीतल्या क्यूसीतून, आणि तुझा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यात नुसतं घोळतंय.

नाव घाल. नोकरी लागेपर्यंत थांबू नकोस. सोसायटी पदवी विचारते, वर्क परमिट विचारत नाही. वर्गणी भरून सदस्य झालीस की तुझ्या पत्त्यावरून ते स्वतःच तुला जवळच्या शाखेत टाकतात. बोस्टन आणि आसपासचा भाग नॉर्थईस्टर्न सेक्शनमध्ये येतो. ही शाखा 1898 पासून चालू आहे. वूस्टरच्या बाजूला घर घेतलंत तर तिथली शाखा वेगळी, सेंट्रल मॅसॅच्युसेट्सची. वर्गणीत काही सवलत मिळते का ते आधी विचार. विचारायला लाजू नकोस, मी पहिल्या वर्षी लाजले आणि नवऱ्याच्या कार्डावरून पूर्ण रक्कम भरली. पैशापेक्षा ते "नवऱ्याच्या कार्डावरून" मला जास्त लागलं होतं.

आता कागदपत्रं, कारण ती तिथूनच करून यायची आहेत. तुझ्या मार्कशीटवर माहेरचं नाव असेल, मधे वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं. माझ्या बाबतीत तर लग्नात पहिलं नावही बदललं होतं. इथल्या पदवी-मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बायका. राजपत्रातली नावबदलाची नोंद, विवाह प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र असं सगळं पाठवलं, तर उत्तर आलं की ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाच्या सीलबंद पाकिटातून थेट यायला हवी. विद्यापीठाच्या खिडकीवर माझे वडील गेले, सत्तरी ओलांडलेले. आज साहेब नाहीत, उद्या शिक्का नाही, परवा पाकिटावर सही राहिली. शेवटी पाकीट आलं तेव्हा त्यावर माझं नाव तिसऱ्याच स्पेलिंगने होतं. बाबा आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या काही वर्षांतल्या कितीतरी दुपारी त्या खिडकीसमोर गेल्या, आणि कशासाठी, तर त्यांची मुलगी एम.एस्सी. आहे हे सिद्ध करायला. हा राग माझा अजून गेलेला नाही आणि जावा असंही मला वाटत नाही. तू निघायच्या आधी स्वतः जा आणि तीन-चार सीलबंद संच घेऊन ठेव. आणखी एक: आपली बी.एस्सी. तीन वर्षांची, इथली पदवी चार वर्षांची. म्हणून मूल्यांकन बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्हींचं एकत्र करून घे, नुसत्या बी.एस्सी.चं करू नकोस.

सोसायटीकडे वळते. नॉर्थईस्टर्न सेक्शनच्या बैठका साधारण शाळा-कॉलेजच्या वर्षाप्रमाणे चालतात, सप्टेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. कार्यकारिणीची बैठक, मग उभ्याउभ्या गप्पा, मग जेवण, मग व्याख्यान. जेवणाचे पैसे भरावे लागतात. नुसतं व्याख्यान ऐकायला गेलं तरी चालतं. मी सुरुवातीला जेवण टाळायची, दाराशी थांबायची आणि व्याख्यान सुरू होताना आत जायची. पण खरी ओळख होते ती जेवणाच्या टेबलावरच, तेव्हा तू जेवणाचे पैसे भर आणि बस. शाखेचं "न्यूक्लियस" नावाचं मासिक निघतं, त्यात पुढच्या बैठका, समित्या, कोणाला माणसं हवीत हे सगळं असतं. आल्या आल्या ते वाचायला लाग.

मान-पदकंही बरीच आहेत. रिचर्ड्स पदक 1932 पासून देतात, हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्सच्या नावाने. अणुभार अचूक मोजण्याबद्दल त्याला 1914 चं नोबेल मिळालं, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेला तो पहिला अमेरिकन. शिकवण्याच्या कामासाठी नॉरिस पुरस्कार आहे, लोकहिताच्या रसायनशास्त्रासाठी एसेलन पुरस्कार. 2001 पासून इथल्या तरुण केमिस्टांची जर्मन केमिकल सोसायटीच्या तरुणांशी देवाणघेवाणही चालते, एका वर्षी ते येतात, एका वर्षी हे जातात. ते सगळं चांगलंच आहे, पण आपल्याला पहिल्या दिवसापासून कामात घेणारी जागा म्हणजे नॅशनल केमिस्ट्री वीक.

हा आठवडा ऑक्टोबरमध्ये येतो, 23 तारखेच्या आसपास. अॅव्होगॅड्रो संख्येतल्या, म्हणजे एका मोलमधल्या कणांच्या संख्येतल्या, दहाच्या तेविसाव्या घातावरून ती तारीख, दहाव्या महिन्याची तेविसावी, मोल डे. 1987 मध्ये, सोसायटीचे आदल्या वर्षीचे अध्यक्ष जॉर्ज पिमेंटेल यांच्या पुढाकाराने, एका दिवसापासून सुरुवात झाली, नंतर त्याचा आठवडा झाला. देशभरातल्या शाखा आपापल्या गावात मुलांना प्रयोग करून दाखवतात. आमच्याकडे बोस्टनच्या म्युझियम ऑफ सायन्समध्ये टेबलं लागतात. लाल कोबीच्या रसात लिंबू आणि खायचा सोडा, कॉफीच्या फिल्टर पेपरवर स्केचपेनच्या शाईचे रंग वेगळे करणं, डिंक आणि बोरॅक्सचा लिबलिबीत गोळा. मुलं लहान असली तरी गॉगल सक्तीचा, टेबलावर ज्योत नाही, खाणंपिणं नाही. या नियमांबाबत इथली माणसं काटेकोर असतात आणि ते मला फार आवडलं, कारण आमच्या क्यूसीतही गॉगलवरून मीच सगळ्यांशी भांडायची.

पहिल्या वर्षी मला क्रोमॅटोग्राफीचं टेबल दिलं होतं. काळी शाई कागदावर वर चढायची आणि निळा, गुलाबी, पिवळा असे पट्टे सुटायचे. एक पाच-सहा वर्षांची मुलगी वाकून बघत होती, गॉगल नाकावरून घसरत होता. तिने विचारलं की मग काळा कुठे गेला? मी सांगायला लागले आणि थांबेचना. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त गृहस्थ होते, उभा जन्म रंगांच्या कारखान्यात काढलेले. मुलगी गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कशावर काम केलंय?" बोस्टनला आल्यापासून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. नवरा काय करतो, मुलं किती, भारतात कुठे, जेवणात तिखट घालता का, हेच. मी त्यांना एचपीएलसीवरच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावरच्या, एका अल्कधर्मी औषधाची गोष्ट सांगितली. आलेखातल्या त्याच्या उंचवट्याला, म्हणजे पीकला, शेपूट यायचं आणि एक इम्प्युरिटी, म्हणजे औषधातला नको असलेला अंश, त्या शेपटाखाली दडायची. यंत्रातून वाहणाऱ्या द्रावणाचा, म्हणजे मोबाइल फेजचा, पीएच बदलून, कॉलम बदलून आम्ही ती वेगळी काढली होती. त्यांनी पीएच किती ठेवला विचारलं. मला आठवत होता. घरी येताना गाडीत मी नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते, आणि मुलगा मागच्या सीटवर बसला होता.

ही गोष्ट मी नवऱ्याला अजून सांगितलेली नाही. तो चांगला माणूस आहे. त्याच्या नोकरीमुळे आलो याबद्दल त्याने कधी रुबाब केला नाही. पण माझी कामाशिवायची वर्षं त्याच्या हिशोबात "सेटल होण्याची वर्षं" आहेत, आणि माझ्या हिशोबात ती कुठे लिहायची ते मला आजही कळलेलं नाही.

मुलीच्या शाळेबद्दल नीट ऐक. इथे बहुतेक ठिकाणी नववीला बायॉलॉजी, दहावीला केमिस्ट्री, अकरावीला फिजिक्स, आणि प्रत्येक विषयाला साधा वर्ग आणि ऑनर्सचा, म्हणजे वरच्या पातळीचा, वर्ग. माझ्या मुलाचे पुण्याचे 82 टक्के होते. आपल्याकडे पेढे वाटायचे मार्क. इथल्या मॅडमनी ते बघून बी ग्रेड धरली आणि त्याला साध्या वर्गात बसवलं. मी शाळेत जाऊन सांगितलं की आमच्याकडे 82 म्हणजे वर्गातल्या पहिल्या पाचात. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सगळेच पालक असं म्हणतात. म्हणून तू मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर लिहून आण: वर्गात किती मुलं, हिचा क्रमांक कितवा, अभ्यासक्रमात काय काय झालं, प्रयोगशाळेत काय केलं. लसींचा तक्ताही डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा आण. बीसीजी घेतलेल्या आपल्या मुलांची टीबीची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. तेव्हा रक्ताची चाचणी मागून घे.

मनाला लागलेली गोष्ट पुढेच आहे. आमची शाखा दर वसंतात शाळकरी मुलांची अॅशडाउन परीक्षा घेते, एमआयटीच्या अॅव्हरी अॅशडाउनच्या नावाची. केमिस्ट्री ऑलिम्पियाडची वाटही स्थानिक शाखांमधूनच जाते. अशा परीक्षांना नावं शाळेतल्या शिक्षकांमार्फत जातात, आणि मोजकीच. माझा मुलगा घरी माझी जुनी पुस्तकं वाचत बसायचा. शिक्षकांनी ऑनर्सच्या मुलांची नावं दिली. मी त्याच शाखेची सदस्य, आणि माझ्याच मुलाला बसता आलं नाही. ओळखीच्यांना सांगून नाव घालता आलं असतं का, माहीत नाही. मी कोणाला सांगितलं नाही, त्या टेबलावर मला कोणाचीतरी आई म्हणून उभं राहायचं नव्हतं. पुढच्या वर्षी तो म्हणाला, आता नको. तो पुढे इकॉनॉमिक्सला गेला. बरं चाललंय त्याचं. तुझ्या मुलीच्या बाबतीत सप्टेंबरमध्येच केमिस्ट्रीच्या शिक्षकांना भेट आणि अॅशडाउनचं नाव काढ, कित्येकदा शाळेला ती परीक्षाच ठाऊक नसते. आणि मुलीला आधीच सांगून ठेव की ऑलिम्पियाडच्या राष्ट्रीय शिबिराला आणि संघात जायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे ते तुला माहीतच असेल, आणि एच-फोरवरचं मूल 21 वर्षांचं झालं की त्या व्हिसातून बाहेर पडतं. माझ्या मुलाला तेव्हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला, ज्या गावात तो लहानाचा मोठा झाला त्याच गावात.

एकटेपणाचं विचारलंयस. येतो. फेब्रुवारीत जास्त. न्यू इंग्लंड मराठी मंडळ आहे, गणपती होतो, दिवाळी होते, माणसं चांगली आहेत. चांगले बूट घे आणि रोज बाहेर पड. त्याहून जास्त त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

कामाचं. 2015 च्या मे महिन्यापासून नियम असा आहे की नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला आय-140 हा अर्ज मंजूर झाला असेल तर एच-फोरवरच्या जोडीदाराला कामाचा परवाना मागता येतो. तोपर्यंत सोसायटीच्या कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून राबायला हरकत नाही, पण कोणी "अनुभव मिळेल" म्हणून कंपनीच्या लॅबमध्ये बिनपगारी बोलावलं तर जाऊ नकोस. ज्या कामाला एरवी पगार मिळतो ते फुकट केलं तरी परवान्याशिवायचं काम धरलं जाऊ शकतं. सोसायटीकडे करिअर सल्लागार आहेत, सदस्यांचा रेझ्युमे बघून देतात. माझ्या बायोडेटातून जन्मतारीख, वडिलांचं नाव, विवाहित-अविवाहित हे सगळं एका बाईंनी पहिल्याच मिनिटात काढून टाकलं. मग त्यांनी विचारलं की मेथड व्हॅलिडेशन, म्हणजे तपासणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं, कुठल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार करत होतात? आयसीएचच्या, म्हणजे औषधांच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या, म्हटलं, क्यू-टू. इम्प्युरिटींसाठी क्यू-थ्री-ए. त्या म्हणाल्या, मग हे सगळ्यात वर लिहा, इथेही तेच वापरतात. भोसरीत, अंबरनाथला, इथे बोस्टनशेजारच्या केंब्रिजला, सगळीकडे तेच दस्तऐवज. तू एफडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांचं, ऑडिट पाहिलं असशील तर तेही वरच्या ओळीत लिही.

परवाना मिळाल्यावर मला कंत्राटी क्यूसीची जागा मिळाली, भोसरीत सोडून आलेल्या जागेपेक्षा दोन पायऱ्या खाली. तुझंही तसं होऊ शकतं, धरून चाल. पण ती जागा कुठे निघाली आहे हे मला शाखेच्या जेवणाच्या टेबलावर कळलं, जाहिरातीतून नाही.

इथे जवळच एमआयटी आहे. तिथे प्रवेश मिळालेली पहिली बाई एलन स्वॅलो, केमिस्टच, 1873 ची पदवीधर. पुढे तिथल्याच बायकांच्या प्रयोगशाळेत तिने कित्येक वर्षं पगाराशिवाय शिकवलं, नंतर मॅसॅच्युसेट्सभरच्या पाण्याची तपासणी केली. लोक तिची गोष्ट कौतुकाने सांगतात. मला ती ऐकताना त्या बिनपगारी वर्षांपाशीच थांबायला होतं.

तू जुलैमध्ये पोचणार असशील तर ऑगस्टच्या आत सदस्यत्व करून टाक, म्हणजे ऑक्टोबरच्या टेबलांसाठी स्वयंसेवकांची यादी होईल तेव्हा तुझं नाव त्यात असेल. मुलीलाही घेऊन ये, हायस्कूलची मुलं मदतीला चालतात का ते मी आधी विचारून ठेवते. क्रोमॅटोग्राफीचं टेबल हवं असेल तर सांग. कोबीचं नको घेऊस, हाताला दोन दिवस वास राहतो.