ॲपचं नंतर बघू, आधी वही काढा

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण काही वर्षांपूर्वी तो माझाच होता. साडेनऊला बसता, साडेसातला उठता, आणि गाडीत शिरताना आज नक्की काय केलं ते आठवत नाही. मीटिंगसाठी मधेमधे उठावं लागतं, वर साहेब 'आउटपुट मोजा' म्हणतायत. तर काम उरकायला कोणतं ॲप घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

ॲप राहू दे. तुमचं काम काय ते सांगा. पद नव्हे, काम. व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी १९५९ मध्ये 'नॉलेज वर्कर' (हातांपेक्षा डोक्याने काम करणारा) हा शब्द रूढ केला, आणि १९९९ मध्ये अशा माणसाच्या उत्पादकतेबद्दल लिहिताना सगळ्यात आधी हाच प्रश्न ठेवला. लेथवरच्या कामगाराला तो पडत नाही, समोर घडवायला लावलेला तुकडाच सगळं सांगतो. ड्रकर यांचं उदाहरण नर्सचं होतं: काम रुग्णसेवेचं, पण दिवस जातो कागद भरण्यात आणि नातेवाइकांच्या फोनमध्ये.

मी विम्यात जोखमीचे अहवाल लिहिते. दोन आठवडे चर्चगेटहून मुद्दाम बोरिवली स्लो पकडली (फास्टमध्ये वही उघडायला जागा कुठली!) आणि दिवसाचे तास लिहून काढले. प्रत्यक्ष अहवालाला जेमतेम दीड तास. बाकीचा वेळ शाखांकडून आकडे मागण्यात, कारण प्रत्येक शाखेचा साचा वेगळा. म्हणजे मी आळशी नव्हते, अडलेली होते. सगळ्यांना एकच एक्सेल शीट भरायला लावायला तीन महिने भांडले. पण त्याने जो फरक पडला, तो पहाटे पाचला उठून कधीच पडला नव्हता.

आता मधेमधे उठावं लागण्याबद्दल. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट काम टाकून दुसऱ्याला हात घातला, तर लक्षाचा काही भाग पहिल्यापाशीच रेंगाळतो आणि दुसरं कामही बिघडतं. पुढे त्यांनीच एक साधा उपाय तपासला: उठण्याआधी कुठवर आलो आणि परतल्यावर काय करायचं, हे थोडक्यात लिहून ठेवायचं. मी मीटिंगला जाताना हेच करते. 'तक्ता ४ जुळत नाही, नाशिकला विचार.' बस, एवढंच. मोबाइल कपाटात कोंडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कोंडला की घरच्यांचे फोन शेजारच्या टेबलावर येतात.

साहेब 'आउटपुट मोजा' म्हणतायत, त्याबद्दल जपून. आमच्याकडे एका साहेबांनी महिन्याचे अहवाल मोजायला सुरुवात केली. दुसऱ्याच महिन्यात एका कारखान्याचे तीन अहवाल व्हायला लागले! मोजायचंच तर किती अहवाल दुरुस्तीला परत आले आणि मागणीपासून हातात पडेपर्यंत किती दिवस गेले, ते मोजायला सांगा. आमच्या साहेबांना मी हे पटवू शकले नाही, त्यांची बदली होईपर्यंत अहवाल तिप्पटच राहिले.

ॲपचं म्हणाल तर माझी अजून शंभर पानी वहीच आहे.