बस थांबली नाही, कार्डातून दोनदा पैसे गेले. तक्रार करून तीन आठवडे झाले तरी उत्तर नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की हात दाखवूनही बस थांबली नाही, दुसऱ्या दिवशी कार्डातून दोनदा भाडं गेलं, आणि हे दोन्ही तुम्ही एकाच मेलमध्ये कळवलंत. घोळ बहुधा तिथेच झालाय. बस न थांबणं हा आगाराचा विषय, पैसे हिशेब विभागाचा. असा मेल एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरतो, कुणीतरी अर्ध्याचं उत्तर लिहितं आणि सगळाच 'निकाली' निघतो. म्हणून आधी दोन वेगळी पत्रं करा.

मी एका शहर वाहतूक संस्थेच्या तक्रार विभागात काही वर्षं काढली आहेत. सकाळी संगणक उघडला की "तुमचे ड्रायव्हर माजलेत" छापाची पत्रं वाट बघत असायची. राग खरा असायचा, पण त्यातून शोधणार काय? त्याच ढिगात एकदा तीन ओळींचं पत्र आलं: गाडीचा नंबर, थांबा, बस कुठल्या दिशेला चालली होती, वेळ 8:42. जीपीएसची नोंद काढली तर थांब्यापाशी वेग जरासुद्धा कमी झालेला नव्हता. ड्यूटी शीटवरून चालक कोण ते कळलं आणि दुपारच्या आत आगारातून त्याला बोलावणं गेलं. मार्ग क्रमांक सगळेच देतात, पण त्या मार्गावर एकाच वेळी कितीतरी गाड्या धावत असतात. बस निघून जाताना मागचा नंबर टिपून घ्यायचा. चालकाचा फोटो काढायला जाऊ नका, नुसतं भांडण वाढतं.

तुमच्याकडे नंबर नसेल तर थांबा, दिशा आणि नेमकी वेळ द्या. त्यावरूनही गाडी सापडते, फक्त शोधणाऱ्याला जास्त खटपट पडते. कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाची आशा मात्र सोडा. डिस्क भरली की जुन्यावर नवं चढत जातं, आणि तीन आठवडे त्या हिशेबात बराच काळ झाला. कधी मारामारी किंवा दुखापतीचा प्रकार घडला तर त्याच दिवशी "चित्रीकरण राखून ठेवा" असं लेखी कळवायचं.

आता पैसे. कार्ड बँकेचं असेल तर आधी खातं नीट बघा. दोनांतली एक रक्कम कधीकधी नुसती रोखून धरलेली असते आणि काही दिवसांनी आपोआप सुटते. अंतरानुसार भाडं असेल तर उतरताना कार्ड लावलं होतं का तेही आठवा, कारण ते राहिलं की बऱ्याच ठिकाणी जास्तीत जास्त भाडं लागतं. ते 'दोनदा कापलं' असं वाटतं खरं, पण त्याची दुरुस्ती वेगळी असते. तरीही चूक त्यांचीच दिसली तर तारीख, वेळ, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार अंक द्या, पूर्ण नंबर कधीच नको. आणि मागणी एकच लिहा: इतके पैसे परत करा. रागाच्या भरात थेट बँकेकडून व्यवहार उलटवून घेऊ नका, काही संस्था अशी कार्डं प्रवासासाठी बंद करतात.

दोन्ही पत्रांवर जुना तक्रार क्रमांक टाका आणि पुढचा पाठपुरावाही त्याच क्रमांकावर करा. दर वेळी नवी तक्रार टाकलीत की दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात. सोशल मीडियावर लिहिलंत तर उत्तर झटपट येतं, पण बहुतेक वेळा तेही "क्रमांक कळवा" एवढंच. दोन स्मरणपत्रांनंतरही शांतताच असेल तर 'अंतिम उत्तर' लेखी मागा. संस्थेच्या वर प्रवाशांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल किंवा तत्सम स्वतंत्र यंत्रणा असेल तर तिथे पहिला प्रश्न हाच येतो की संस्थेने शेवटी काय कळवलं. उत्तरच आलं नाही, तर स्मरणपत्रांच्या तारखा पुढे करायच्या.

पैशांचं पत्र आजच पाठवा. परतावा मागायला बहुतेक ठिकाणी मुदत असते. बसचं उद्या गेलं तरी चालेल.