सगळ्या गाठी एकदम काढण्यासाठी कर्ज घ्यावे का?

वडिलांप्रमाणेच आपल्याही हातांवर आणि मांड्यांवर मिळून २२ चरबीच्या गाठी (लायपोमा) आहेत, त्या सर्व एकाच वेळी लायपोसक्शनने, म्हणजे लहान छेदातून नळीने चरबी ओढून, काढून देण्याचे पॅकेज आपल्याला सुचवले गेले आहे आणि त्यासाठी निम्मी रक्कम राखीव निधीतून, तर निम्मी वैयक्तिक कर्जातून उभी करण्याचा आपला विचार आहे. माझ्या मते हे कर्ज घेऊ नये.

अडचण व्याजदराची नसून आजाराच्या स्वभावाची आहे. आनुवंशिक लायपोमामध्ये गाठ पूर्ण काढली तरी अन्यत्र नव्या गाठी येत राहतात. त्यामुळे कर्जाचे हप्ते फिटण्याआधीच तेविसावी गाठ हाताला लागू शकते. लायपोसक्शनचा व्रण लहान असतो हे खरे, परंतु गाठीचे आवरण आत राहिल्यास ती त्याच जागी पुन्हा वाढण्याची शक्यता, छेद देऊन आवरणासह काढलेल्या गाठीपेक्षा अधिक असते. चरबी विरघळवणाऱ्या डीऑक्सिकोलिक आम्लाच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, लायपोमासाठी नव्हे. वजन उतरवूनही या गाठी विरत नाहीत, उलट अधिक उठून दिसतात.

या गाठी निरुपद्रवी असल्याने न काढणे हाही उपचाराचा रीतसर पर्याय आहे, आणि तो कोणत्याही पॅकेजच्या पत्रकात छापलेला नसतो. लिहिताना टेबलाच्या कडेवर दाबून कळ आणणारी, कोपराखालची जी गाठ आपण वर्णिली आहे, ती मात्र आधी काढावी. त्या भागापुरती भूल देऊन हे काम होते, आणि दुखणे व कामातील अडथळा डॉक्टरांनी आकारासह नोंदवला असल्यास विमा कंपनीकडे दाव्याला आधार मिळतो. केवळ दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया बहुधा नाकारली जाते. पूर्वमंजुरी लेखीच घ्यावी.

काटकसर करू नये अशी जागा एकच: पाच सेंटीमीटरहून मोठी, खोलवरची, टणक किंवा झपाट्याने वाढणारी गाठ. तिची सोनोग्राफी, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास एमआरआय, लगेच करावी. राखीव निधी अशाच वेळेसाठी असतो.

नवा विमा घेताना गाठींची माहिती अर्जात लपवू नये. कर्जाचा जो हप्ता भरणार होता, तेवढी रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत टाकावी आणि त्यातून त्रास देणाऱ्या दोन-तीन गाठी एका वेळी काढून घ्याव्यात. तोवर पॅकेज देणाऱ्यांकडून एका गाठीचा दर, तपासणीच्या खर्चासह, लेखी मागवून मला कळवावा.