टर्नडाउन म्हणजे आवाज कमी करणं नव्हे

प्रिय मुली,

तुझा मेसेज काल ठाण्याहून वाशी लोकलमध्ये बसल्यावर वाचला. ‘सर, दहावीपर्यंत मराठी मीडियम, इथे सगळे फाडफाड इंग्रजी बोलतात. हॉटेलचा कोर्स सोडू का?’ अजिबात नको. त्या फाडफाडवाल्यांनाही हॉटेलचं इंग्रजी नव्यानेच शिकायचंय.

अवघड शब्द पाठ होतात गं, दगा देतात ते ओळखीचे. मी हॉटेलात हाउसकीपिंगला, म्हणजे खोल्यांची साफसफाई-आवराआवर बघायला, नवा होतो तेव्हा एका गेस्टने संध्याकाळी ‘टर्नडाउन’ करायला सांगितलं. मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि हात बांधून उभा राहिलो! त्याला हवं होतं बेडवरचं कव्हर काढून, पांघरुणाचा कोपरा दुमडून, पडदे ओढून, मंद दिवा लावलेलं. हे ‘कव्हर’ही बेरकीच. रेस्टॉरंटमध्ये 40 कव्हर्स म्हणजे 40 जणांचं जेवण. ‘ऑन्त्रे’ फ्रान्समध्ये सुरुवातीची डिश, अमेरिकन माणसाच्या तोंडी मेन कोर्स. म्हणून ऑर्डर घेतली की परत वाचून दाखवायची, लाजायचं नाही.

रविवारी वही घेऊन मंडईत जा. वांग्याला आपण ब्रिंजल म्हणतो, ब्रिटिश ऑबर्जीन, अमेरिकन एगप्लांट. कोथिंबीर अमेरिकनाला सिलँट्रो. भेंडीला लेडीज फिंगर म्हणालीस तर त्याच्या डोळ्यांपुढे तिरामिसू या इटालियन गोड पदार्थातलं, त्याच नावाचं बिस्कीट येईल, म्हणून ओक्रा म्हण. भाजीवाली हसेल, हसू दे.

आता तुझी खरी अडचण. आपला आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो, ‘बस’चं ‘बसा’ केलं की झालं. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच ‘यू’, त्यामुळे आदर वाक्याच्या तोंडाशीच आणावा लागतो. तू ‘व्हॉट यू वॉन्ट?’ म्हणतेस तेव्हा तुझ्या मनात ‘काय हवंय आपल्याला?’ असतं, पण गेस्टला ऐकू येतं ‘काय पाहिजे रे?’ तेव्हा ‘वुड यू लाइक’ आणि ‘मे आय’ जिभेवर बसव. आरशासमोर नको, आईला चहा विचारताना म्हण.

‘बफे’तला ‘ट’ आणि ‘सॅमन’मधला ‘ल’ उच्चारत नाहीत, एवढं जाता जाता.

ट्रेनिंगचा इंटरव्ह्यू कधी आहे ते कळव. आदल्या रात्री फोन कर, मी गेस्ट होतो, तू ऑर्डर घे. कटकट्या गेस्ट होणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
सर