वाचकांचे प्रश्न : उपटला की दुणावणारा लव्हाळा

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या हिरवळीत दोन पावसाळ्यांपासून गर्द हिरव्या, चकचकीत पात्यांचे एक गवत माजले आहे. कितीही उपटले तरी आठवड्याभरात ते पुन्हा डोके वर काढते. माळीकाका त्याला लव्हाळा म्हणतात, तर शेजारच्या आजी नागरमोथा. दोन्ही एकच का? गाजरगवतासारखे हेही परदेशातून आले असावे का? आणि त्याच्या गाठी दिवाळीच्या उटण्यात घालता येतील का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : माळीकाका आणि आजी दोघांचेही बरोबर आहे. जमिनीवर दिसतो तो लव्हाळा, आणि त्याच्याच जमिनीतल्या सुवासिक गाठी वाळवून काष्ठौषधींच्या दुकानात येतात तेव्हा त्यांना नागरमोथा म्हणतात. मात्र बाजारात याच नावाने त्याच्या प्रजातीतील सायपरस स्कॅरिओसस ही दुसरी जातीही विकली जाते. लव्हाळ्याचे शास्त्रीय नाव सायपरस रोटंडस असे असून ते लिनियसने १७५३ मध्ये दिले. ‘रोटंडस’ म्हणजे गोल.

आपल्या प्रश्नातील एक शब्द तेवढा दुरुस्त करावा लागेल, तो म्हणजे ‘गवत’. शेतकरी हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही तीन नावे एका दमात घेतात व त्रासाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण पहिली दोन खरी गवते आहेत आणि लव्हाळा सुमारे ५,५०० जातींच्या सायपरेसी या वेगळ्या कुलातला आहे. फुलोऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवून पाहा, तीन कडा बोटांना स्पष्ट लागतात. तो आडवा कापला तर आतून भरीव निघतो आणि त्यावर गवतासारखी पेरे नसतात. पाने बुंध्याशी तीन रांगांत येतात, गवताची दोन रांगांत. टोकाला तांबूस-तपकिरी कणिसकांचा झुबका येतो. त्यातील फुलांना पाकळ्या नसतात, पुंकेसर तीन आणि कुक्षीच्या शाखाही तीन. या फुलांपासून रुजणारे बी मात्र क्वचितच तयार होते.

त्याचा सारा संसार जमिनीखाली आहे. एक रोप उपटण्याऐवजी खुरप्याने वीतभर खोल मातीसकट उचला आणि माती हलकेच पाण्यात धुऊन काढा. बुंध्याशी एक फुगीर कंद दिसेल, त्यातून तारेसारखी चिवट खोडे आडवी निघालेली दिसतील, आणि त्यांवर माळेत ओवल्यासारख्या गाठी. कोवळी गाठ पांढरी व रसाळ असते, जुनी काळसर व तंतुमय. प्रत्येक गाठीवर अनेक डोळे असतात. माळ अखंड असेपर्यंत टोकाची गाठ मागच्यांना दाबून ठेवते, त्यामुळे बऱ्याचशा निजलेल्या राहतात. आपण हिसका देऊन रोप उपटले की माळ तुटते आणि या निजलेल्या गाठी कोंब धरतात. दोन पावसाळे चाललेली आपली मेहनत लव्हाळ्याच्याच पथ्यावर पडली, ती अशी.

परदेशाची शंका पुणेकराला येणे साहजिक आहे, कारण गाजरगवताची भारतातली ठळक नोंद १९५०च्या दशकाच्या मध्यास पुण्यातच झाली. लव्हाळा मात्र घरचाच आहे. आफ्रिका, दक्षिण व मध्य युरोप आणि दक्षिण आशिया हा त्याचा नैसर्गिक प्रदेश. अमेरिका खंडांत तो माणसाबरोबर गेला, म्हणजे तिकडे परका आहे तो हाच. संस्कृतातील ‘मुस्ता’ या नावात त्याच्या एक-दोन भाईबंदांचाही समावेश होत असावा, पण कालिदासाच्या शाकुंतलात रानडुकरे डबक्याकाठी मुस्ताच उकरतात, एवढी ही ओळख जुनी आहे. उत्तरेकडे त्याला थंडी अडवते, कारण गोठलेल्या जमिनीत गाठी तगत नाहीत. उबदार प्रदेशांत मात्र त्याला अटकाव नाही: १९७७ मध्ये लेरॉय होम व सहकाऱ्यांनी जगातील त्रासदायक तणांची क्रमवारी लावली तेव्हा लव्हाळ्याला पहिला क्रमांक मिळाला आणि त्याची नोंद ९० हून अधिक देशांत, ५० हून अधिक पिकांत झाली होती. आपल्या हिरवळीत तो बहुधा भरावाच्या लाल मातीतून किंवा रोपाच्या पिशवीतून आला असेल.

त्याची दोन वर्मे आहेत. ऊन हे त्याचे बळ असल्याने दाट सावलीत तो खंगतो, आणि गाठी कोरड्या पडल्या की मरतात. हिरवळीला सावली करणे शक्य नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत तो पट्टा वीतभर खणून, ढेकळे फोडून, पाणी पूर्ण तोडून उन्हात उघडा ठेवावा, गाठी वेचाव्यात व पावसाच्या तोंडावर नवी हिरवळ लावावी. वेचलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. वर पातळ प्लास्टिक अंथरण्याचा सल्ला कोणी दिल्यास मनावर घेऊ नका, लव्हाळ्याचे टोकदार कोंब ते भोसकून वर येतात.

उटण्याबद्दल म्हणाल, तर गाठ ठेचून वास घेण्याचा मोह मलाही आवरत नाही. परंतु सोसायटीच्या हिरवळीवर कोणी, केव्हा, काय फवारले याचा हिशेब सहसा कोणाकडे नसतो. यंदाच्या उटण्याचा नागरमोथा दुकानातूनच आणावा.