मटार सोलत बसलेली बाई

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय 27) दीड महिना मनोरुग्णालयात होता. घरी येऊन तीन आठवडे झाले. गोळ्या घेतो, पण खोलीबाहेर येत नाही. काही विचारलं की म्हणतो, 'तुम्हाला नाही कळायचं.' आम्ही काय करावं?
– एक बहीण, सांगली

उत्तर : ताई, त्याचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. तो खरं तेच सांगतोय.

2014 मध्ये मीही अशीच घरी आले. आजार बायपोलर, म्हणजे मन कधी फार उसळतं, कधी पार खचतं. हातात गोळ्यांची पिशवी आणि पुढची तारीख, बस्स. आईने विळी माळ्यावर टाकली होती. गोळी गिळली का बघायला ती मला तोंड उघडायला लावायची. वॉर्डात रात्रभर दिवा असायचा, त्यामुळे घरच्या काळोखात डोळा लागेना. पण हे सांगायचं कुणाला?

मग आईच्या ओळखीच्या एक बाई आल्या. स्वतः दोनदा दाखल होऊन आलेल्या. 'बरं वाटतं का?' वगैरे काही नाही. समोर मटार सोलत बसल्या आणि मधेच म्हणाल्या, "मी महिनाभर मोरीतला दिवा चालू ठेवून झोपायचे." त्या रात्री मी दिवा लावला आणि झोपले.

पुढे त्या दर गुरुवारी यायच्या. पहिल्यांदा वाण्याकडे गेले तेव्हा त्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. लिथियम या माझ्या गोळीमुळे माझे हात थरथरायला लागले, तेव्हा 'गोळी कमी कर' असं त्या म्हणाल्या नाहीत. मला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. हे फार महत्त्वाचं आहे. सोबत्याने डॉक्टर व्हायचं नसतं.

तुमच्या भावाला असं माणूस हवंय. त्याच्या डॉक्टरांनाच विचारा, बरे झालेले कुणी भेटायला तयार आहेत का. पुढच्या उपचारांबद्दल पेशंटशी आणि घरच्यांशी बोलूनच घरी सोडायचं, असं 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. तुमच्याशी कुणी बोललं नसेल तर आता हक्काने विचारा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्था स्वमदत गटांचं, म्हणजे अशा आजारातून गेलेल्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या गटांचं काम करतात. 14416 या टेली-मानस क्रमांकावर (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) मराठीतून बोलता येतं, अगदी रात्रीही. मरणाची भाषा आली किंवा झोप पार उडाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गटात पहिल्या दिवशी तो गप्पच बसेल. बसू द्या. यायलाच तयार नसेल, तर आधी तुम्ही जाऊन या. नातेवाइकांचेही गट असतात, आणि तीन आठवडे तुम्हीही नीट झोपला नसणार.