फेलोशिप संपत आली, प्रबंध बाकी आहे: नोकरी धरावी का?

यावल तालुक्यातील एका वाचक भगिनीने विचारले आहे: "मी जळगावला विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. पाच वर्षांची फेलोशिप पुढच्या महिन्यात संपते. प्रबंधाला अजून आठ महिने लागतील. एमआयडीसीतील कंपनीत ३२,००० रुपयांची नोकरी मिळते आहे. बँकेत २,४०,००० रुपये आहेत, चार महिन्यांची फेलोशिप थकली आहे. वडील म्हणतात, केळीच्या पीककर्जातून पैसे घे. काय करू?"

आपल्या वडिलांच्या मायेबद्दल आदर ठेवूनही, पीककर्जाला हात लावू नये असे मी आधीच सांगतो. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्र आणि राज्याच्या व्याजसवलतींमुळे ते शेतकऱ्याला बिनव्याजी पडते. मुदत चुकली की सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडते. मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी होणे रावेर-यावलला नवे नाही. ज्या कर्जाची फेड केळीच्या घडांवर अवलंबून आहे, त्यात आपल्या खोलीभाड्याची भर नको.

शिवाय त्याची गरजही दिसत नाही. खोली, खानावळ आणि प्रवास मिळून महिन्याला १५,००० रुपये धरले, तर आठ महिन्यांचे १,२०,००० होतात. शुल्क, छपाई आणि बांधणीसाठी ३०,००० काढून ठेवले तरी ९०,००० उरतात, म्हणजे आणखी सहा महिन्यांची सोय होते. थकलेली फेलोशिप खात्यात जमा होईपर्यंत या हिशेबात धरू नका. खरा खर्च आहे तो सोडून द्याव्या लागणाऱ्या २,५६,००० रुपयांच्या पगाराचा. पीएच.डी.नंतर रिसर्च असोसिएटचे काम मिळाले, तर २०२३ पासूनच्या केंद्राच्या दरांनुसार मानधन दरमहा ५८,००० पासून सुरू होते, आणि २६,००० च्या फरकाने हा पगार साधारण दहा महिन्यांत भरून निघतो. ती जागा मिळेलच असे नाही आणि मिळाली तरी मुदतीची असते, हेही लक्षात असू द्या.

तरीही माझे मत प्रबंध आधी पूर्ण करावा असेच आहे. नोकरी सांभाळून रात्री लिहू, असे ठरवून गेलेल्यांचे प्रबंध वर्षानुवर्षे पडून राहिलेले मी पाहिले आहेत, आणि पाच वर्षांचे काम तसे पडून राहावे हे मला मनापासून नको वाटते.

मात्र हे आठ महिने खरोखर आठच असले पाहिजेत. कोणते प्रयोग आणि कोणती प्रकरणे राहिली आहेत, हे मार्गदर्शकांसमोर बसून तारखांसह लिहून घ्या. पाचव्या महिन्याच्या अखेरीस शिल्लक सुमारे १,६५,००० असेल. तोवर मसुदा त्यांनी वाचून परत दिला नसेल, तर त्याच आठवड्यात नोकरीसाठी अर्ज पाठवायला लागा. पैसे दोन-तीन छोट्या मुदत ठेवींत ठेवा, म्हणजे गरजेला एकच मोडता येईल. जळगावच्या सराफ बाजाराचा मोह या रकमेपुरता टाळा, कारण दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही. कंपनीला नकार कळवण्याआधी रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येईल का, हे एकदा लेखी विचारून पाहा.